पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनातील अंध भगिनी

कर्नाटकातील गंगामूळ येथे १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे मातापिता दुष्काळात गेले. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यक शिकण्याची त्यांची मनीषा होती. वाढत्या बहिरेपणाने तो मार्ग खुंटला. पांगळ्या-आंधळ्यांची व्यथा त्यांना परकी वाटली नाही, याचे मूळ कदाचित येथेच असावे. १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. तेथील स्त्रिया शेती, विणकाम, छपाई अशी कामे करू लागल्या. कन्या मनोरमाबाई अमेरिकेतून ब्रेल शिकून आल्या आणि अंध भगिनींची बोटे अक्षरे वाचू लागली. मनोरमाबाई १९२१ साली निवर्तल्या. पुढल्याच वर्षी, ५ एप्रिलला, रमाबाई प्रभूच्या ठायी विसावल्या.