एका रविवारची दोन वर्षं

रविवारी आपण काय करतो? उशिरा उठतो, मेसमध्ये जेवतो, कपडे भिजवतो आणि दिवस संपतो. पॅरिसच्या जॉर्ज स्यूराने मात्र एका रविवारवर दोन वर्षं घालवली.

त्याचा जन्म २ डिसेंबर १८५९ चा. घरचं बरं होतं, पोटाची चिंता नव्हती. स्वभाव अबोल. चित्रकला शिकला, पण गोडी विज्ञानाच्या पुस्तकांची. शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ गोबलँ इथल्या विणकामाच्या कारखान्यात रंगविभाग बघायचे. काळा रंग फिका दिसतो, अशी तिथे तक्रार आली. तपासलं तर रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता! स्यूराने यावरून आपली रीत बसवली. रंग कालवायचे नाहीत, बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करेल. आपल्या मॉनिटरवर तरी दुसरं काय होतं?

१८८४ मध्ये त्याचं मोठं चित्र सरकारमान्य प्रदर्शनाने नाकारलं. गडी खचला नाही. त्याच वर्षी त्याने सीन नदीतलं ग्रांद जात बेट धरलं. रविवारी तिथे लोक हवा खायला येत. छत्र्या, होड्या, कुत्री, एका बाईच्या हातात दोरीला बांधलेलं चक्क माकड! तिथे बसून त्याने कच्ची चित्रं काढली, सगळी मिळून साठेक. मग दोन मीटर बाय तीन मीटरचा कॅनव्हास. मे १८८६ मध्ये चित्र लोकांसमोर आलं. कित्येकांनी टिंगल केली, माणसं लाकडी बाहुल्यांसारखी ताठ आहेत म्हणून.

आणखी एक घोटाळा झाला. वापरलेला जस्ताचा पिवळा रंग टिकाऊ नव्हता. काही वर्षांतच ते ठिपके तपकिरी पडू लागले. थिअरी पक्की, मटेरियलने दगा दिला.

२९ मार्च १८९१ ला अचानक आजारपणात तो गेला. वय अवघं ३१. मादलेन ही त्याची सहचरी आणि त्यांचा लहान मुलगा यांच्याबद्दल घरच्यांना कळलं, तेही शेवटच्या दिवसांत. दोन आठवड्यांत तो मुलगाही गेला. 'सर्कस' हे चित्र अर्धंच राहिलं.

बेटावरचा तो रविवार १९२६ पासून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जवळून बघितलं तर नुसते ठिपके. चार पावलं मागे सरकलं की ऊन पडतं, नदी चमकते आणि माणसं निवांत बसलेली दिसतात. ज्याने ती बसवली, त्याला स्वतःला मात्र निवांतपणा फारसा मिळाला नाही.