विधिमंडळातील बाबासाहेब : तिजोरी, जमीन आणि पाणी

४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात एक वसतिगृह सुरू झाले. ते चालविणारी संस्था होती बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील हायस्कूलच्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय तेथे होती आणि व्यवस्था सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे पाहत असत. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु गावाच्या करातून जमलेला पैसा गावकुसाबाहेरच्या मुलाच्या ताटापर्यंत पोहोचला, ही त्या काळी क्षुल्लक घटना नव्हती. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र आठवताना आम्हांला म्हणूनच त्या ४० रुपयांपासून आरंभ करावासा वाटतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांची मूळ विद्याशाखा अर्थशास्त्र ही होती, याचा आपल्याला पुष्कळदा विसर पडतो. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ १९२५ मध्ये, म्हणजे सोलापूरचे वसतिगृह सुरू झाले त्याच वर्षी, बाहेर पडला. कर कोणाकडून घेतला जातो आणि खर्च कोणासाठी होतो, या प्रश्नाचा अभ्यास करून ते सार्वजनिक जीवनात उतरले होते.

मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. त्याच महिन्यात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठराविक मर्यादेपर्यंत सूट मिते, तशीच कुवत पाहून सवलत शेतकऱ्याला का नाही, असा त्यांचा सवाल होता. मोठा जमीनदार असो वा दोन बिघ्यांचा कुणबी, पीक आलेले असो वा बुडालेले, सारा चुकत नसे. सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात या सवालाचा अर्थ काय होता, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडे मांडले. सरकार शिक्षणासाठी दरडोई अवघे १४ आणे खर्च करीत होते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करीत होते. जनतेच्या व्यसनातून जेवढा पैसा तिजोरीत येतो, निदान तेवढा तरी तिच्या शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची मागणी होती. अंदाजपत्रक हे सरकारच्या नीतीचे दर्पण असते, ही दृष्टी त्यांच्या या भाषणांतून आम्हांला दिसते.

त्याच मार्च महिन्यात, १९ आणि २० तारखेला, महाडची परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही तळ्याचे पाणी अस्पृश्यांना वर्ज्यच राहिले. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने ते पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतरचा न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनाच्या मोबदल्यात मिळणारी जमीन तोकडी आणि वेतन नाममात्र असे. त्यासाठी रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावावे लागे, आणि वतनदार हजर नसला तर घरातील माणसाला जावे लागे. या बंधनातून सुटका व्हावी, पूर्ण सारा भरून जमीन कसणाऱ्याकडे राहावी, ही त्यांची इच्छा होती. विधेयकाला विरोध झाला, त्याचे मूळ स्वरूप उरले नाही, आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने नष्ट होण्यास त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे लागली. तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून सोलापुरातून जिवाप्पा ऐदाळे निवडून आले. वसतिगृहाचा कारभार पाहणारे गृहस्थ कायदेमंडळात गेले, याचा सोलापूरकरांना सार्थ अभिमान आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्याच महिन्यात सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. ज्या नगरपालिकेने तेरा वर्षांपूर्वी दरमहा ४० रुपये दिले होते, तिनेच हा सन्मान करावा, यात एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे आम्हांला वाटते.

पाण्याचा प्रश्न मात्र तळ्यापाशी संपला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४३ च्या महापुराने बंगालमधील दामोदर नदीचे खोरे उद्ध्वस्त झाले, तेव्हा केवळ बांध घालून न थांबता संपूर्ण खोऱ्याची एकत्रित योजना आखण्याचा आग्रह त्यांनी धरला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत ओरिसातील नद्यांविषयी बोलतानाही त्यांची भूमिका हीच होती. अति पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईने माणसे अधिक पोळतात. म्हणून पुराचे पाणी समुद्राकडे लोटू नये, ते धरणांत साठवावे आणि त्यातून सिंचन, वीज व जलवाहतूक साधावी, असे त्यांनी प्रतिपादन केले. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला तो याच काळात. नदी ही निसर्गाने सर्वांसाठी ठेवलेली ठेव आहे, हा विचार त्या योजनांच्या मुळाशी आम्हांला दिसतो. महाडला ओंजळीत घेतलेले पाणी आणि दामोदर खोऱ्यात साठवू पाहिलेले पाणी यांत आम्हांला अंतर वाटत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून जग त्यांना वंदन करते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु आमच्या या निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या आणि आज ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, कचेरीत वा शाळेत कामाला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातून आणखी एक सवय उचलावी, अशी आमची विनंती आहे. गावाचा जमाखर्च वाचला जाईल तेव्हा तो नीट ऐकावा. पैसा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, हे विचारावे. नळाचे पाणी शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. उत्तर मनाजोगते मिळाले नाही, तर पुन्हा विचारावे. सोलापुरातील त्या पहिल्या वसतिगृहाचे ऋण एवढ्याने फिटणार नाही. पण ते आपल्या स्मरणात आहे, इतके तरी त्यातून सिद्ध होईल.