विश्लेषण : ‘पॅप’ चाचणी शोधणारे पापानिकोलाऊ कोण होते? त्यांची चाचणी गरीब देशांतील महिलांपर्यंत का पोहोचली नाही?

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच लक्षात आला तर टाळता येतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन लाख महिलांचा या आजाराने मृत्यू झाला. त्यातील ९४ टक्के मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांतील आहेत. लक्षणे दिसण्याआधीच हा आजार पकडता येतो, हे दाखवून देणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या निधनाला सहा दशके उलटून गेली आहेत. मग त्यांच्या शोधाचा फायदा मोजक्या देशांनाच का झाला? त्यांच्या आयुष्याचा प्रवास पाहिला, तर याचे बरेचसे उत्तर मिळते.

कोण होते पापानिकोलाऊ?

ग्रीसमधील एव्हिया बेटावरच्या किमी या गावात १३ मे १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही गावात दवाखाना चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. १९०४ मध्ये त्यांनी अथेन्समधून वैद्यकीय पदवी घेतली, पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. जर्मनीत जाऊन १९१० मध्ये त्यांनी म्युनिक येथून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी आंद्रोमाखी ऊर्फ मेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही काळ मोनाकोच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम केल्यावर ते बाल्कन युद्धात ग्रीक सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले.

१९१३ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कला पोहोचले. जवळ जेमतेम अडीचशे डॉलर होते आणि दोघांनाही इंग्रजी येत नव्हते. मेरी यांनी एका मोठ्या दुकानात कपड्यांना बटणे शिवण्याचे काम धरले. दोन पदव्या असलेल्या जॉर्ज यांनी त्याच दुकानात गालिचे विकून पाहिले, उपाहारगृहांत व्हायोलिन वाजवले आणि एका ग्रीक वृत्तपत्राच्या कचेरीत कारकुनीही केली. पुढच्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शरीररचनाशास्त्र विभागात जागा मिळाली. पुढची सुमारे ४७ वर्षे ते तिथेच होते.

गिनीपिगपासून सुरुवात कशी झाली?

सुरुवातीला कर्करोगाशी त्यांचा संबंध नव्हता. गिनीपिगच्या मादीचे बीजांड नेमक्या कोणत्या दिवशी तयार होते, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी दर वेळी प्राणी मारावा लागत असे. त्यावर त्यांनी साधा उपाय काढला. नाक तपासण्याच्या छोट्या उपकरणाने मादीच्या योनीमार्गातील स्राव घ्यायचा, काचेच्या पट्टीवर पसरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. या पेशींचे रूप ठरावीक दिवसांनी बदलते, असे त्यांना आढळले. १९१७ मध्ये चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

स्त्रियांमध्येही असेच होत असेल का, हा पुढचा प्रश्न होता. इथे मेरी यांचे योगदान फार मोठे आहे. प्रयोगशाळेत त्या पतीच्या सहायक होत्याच, पण सुमारे दोन दशके त्यांनी स्वतःच्या स्रावाचे नमुनेही तपासणीसाठी दिले. निरोगी स्त्रीच्या पेशी महिनाभरात कशा बदलतात, हे या नमुन्यांतून समजत गेले. पुढे रुग्णालयातील महिलांचे नमुने पाहताना काही पट्ट्यांवर वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. त्या कर्करोगाच्या होत्या.

डॉक्टरांनी आधी दुर्लक्ष का केले?

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील एका परिषदेत पापानिकोलाऊ यांनी हे निष्कर्ष मांडले. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत शोधली होती. वैद्यक क्षेत्राने मात्र फारशी दखल घेतली नाही. संशय आला तर मांसाचा तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी पाहायच्या कशाला, असा त्या वेळचा विचार होता. संशय येण्याआधीच तपासणी करायची, हा या पद्धतीचा खरा अर्थ तेव्हा पटला नाही.

दशकभरानंतर विभागाला नवे प्रमुख मिळाले आणि कामाने पुन्हा वेग घेतला. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या मदतीने रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या महिलांचे नमुने नियमितपणे घेतले जाऊ लागले. लक्षणे नसलेल्या महिलांमध्येही कर्करोग सापडू लागला. १९४१ मध्ये दोघांचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक आले. त्यानंतर चित्र पालटले. पापानिकोलाऊ यांच्या नावाची पहिली अक्षरे घेऊन ही चाचणी पॅप या नावाने ओळखली जाऊ लागली.

चाचणीने काय बदलले?

गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेकदा दहा ते वीस वर्षे जातात. या काळात बिघडलेला भाग काढून टाकला तर पुढचा आजार होत नाही. फिनलंडसारख्या देशांनी १९६० च्या दशकापासून महिलांना ठरावीक वर्षांनी पत्र पाठवून तपासणीला बोलावले. तिथे आणि अमेरिकेत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहूनही खूप खाली आले.

पापानिकोलाऊ यांना १९५० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही. १९६१ च्या अखेरीस ते मायामीतील कर्करोग संस्थेचे प्रमुख झाले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ग्रीसने पुढे दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

गरीब देशांत ही चाचणी का अडली?

पॅप चाचणीचा नमुना घ्यायला काही मिनिटे पुरतात. खरा खर्च त्यामागच्या यंत्रणेचा आहे.

- पट्टीवरील हजारो पेशींतून मोजक्या बिघडलेल्या पेशी ओळखणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात.
- प्रयोगशाळा, रंगद्रव्ये आणि दर्जा तपासण्याची व्यवस्था लागते.
- अहवाल सदोष आल्यास महिलेला पुन्हा बोलावून पुढची तपासणी आणि उपचार करावे लागतात.
- एका तपासणीत दोष निसटू शकतो, म्हणून ती साधारण दर तीन वर्षांनी करावी लागते.

ज्या देशांत जिल्ह्याच्या ठिकाणीही पेशीतज्ज्ञ नाही आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, तिथे ही साखळी कुठे ना कुठे तुटते. महिला डॉक्टरांकडे येते ती रक्तस्राव सुरू झाल्यावर. तेव्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिओथेरपी लागते आणि आफ्रिकेतील काही देशांत रेडिओथेरपीचे एकही यंत्र नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासाने काय दाखवले?

याचे उत्तर शोधणारा जगातील एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रात झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्यांचे चार गट होते. एका गटाची पॅप चाचणी, दुसऱ्याची व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी आणि तिसऱ्याची एचपीव्ही विषाणूची चाचणी, तीही प्रत्येकीची एकदाच. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. एकदाच केलेल्या पॅप चाचणीने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. चौथ्या गटाची तपासणी न केल्याबद्दल पुढे नैतिक वादही झाला. दरम्यान, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी वारंवार केलेल्या व्हिनेगर तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या अभ्यासात आढळले.

म्हणजे पापानिकोलाऊ यांचा मूळ विचार योग्यच होता. आजार दिसण्याआधी तपासायचे, हेच सूत्र इथेही लागू पडले. फक्त प्रयोगशाळा आणि वारंवार भेटींची सोय नसलेल्या ठिकाणी त्यासाठी वेगळे साधन लागले.

भारतात आज काय स्थिती आहे?

भारतात २०२२ मध्ये या आजाराचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला, असा जागतिक अंदाज आहे. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील महिलांसाठी व्हिनेगर तपासणीची तरतूद आहे. मात्र, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के महिलांनी आयुष्यात एकदा तरी या कर्करोगाची तपासणी केली होती. एचपीव्हीवरील लसही आता भारतात बनते. तरी ज्या महिलांचे लसीचे वय उलटून गेले आहे, त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग आहे.

घरातील तिशी ओलांडलेल्या महिलेने काहीही त्रास नसताना ही तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.