संगमावरचा इंग्रज वकील

शनिवारवाड्यातील गणेश महालात भरलेला सवाई माधवराव पेशव्यांचा दरबार थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये रंगविला. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात पेशव्यांसमोर करारासाठी उपस्थित असलेले इंग्रज वकील म्हणजे सर चार्ल्स वॉर मॅलेट. वाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. त्यामुळे तो महाल कसा दिसत होता, हे जाणून घेण्यासाठी या चित्राचाच मोठा आधार घ्यावा लागतो.

मॅलेट हे सॉमरसेटमधील एका धर्मगुरूचे चिरंजीव. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत खंबायतेस काही काळ काढल्यानंतर १७८६ च्या मार्चमध्ये ते पुण्यास आले. पुणे दरबारातील कंपनीचे हे पहिले कायमचे रेसिडेंट. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांचे ठाणे वसले. शहरापासून ते थोडे दूर होते, पण दरबारातील बित्तंबातमी तेथे पोहोचत असे. गो. स. सरदेसाई यांनी १९३६ मध्ये संपादित केलेला त्यांच्या वकिलातीच्या कागदपत्रांचा खंड चाळला, तर या माणसाची चिकाटी लक्षात येते. नाना फडणवीसांसारख्या सावध मुत्सद्द्याशी गाठ होती. टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रज यांना एकत्र आणणारा तह १ जून १७९० रोजी पुण्यात झाला. त्याचे बक्षीस म्हणून पुढल्याच वर्षी मॅलेट यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

राजकारणाइतकाच त्यांना कलेचाही नाद होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यांच्याच आश्रयाने पुण्यात स्थिरावला. नाना व पेशवे यांची त्याने केलेली चित्रे सुपरिचित आहेत. वेल्सच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली आणि गंगाराम तांबट यांच्यासारखा गुणी पुणेकर कलावंत तेथे घडला. मॅलेट यांनी वेरूळच्या लेण्यांवर लिहिले, त्यासाठी रेखाटने केली ती गंगारामांनीच. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला आणि नोव्हेंबरात वेल्सही वारला. दरबाराचे मोठे चित्र पुरे करण्याचे काम मग डॅनियलकडे गेले. वेल्सची रेखाटने त्यांच्या उपयोगी पडली.

या पुण्याच्या वर्षांत मॅलेट यांचा संसार होता तो अंबर कौर या रजपूत स्त्रीबरोबर. वेल्सने तिचेही चित्र काढले. तिच्यापासून त्यांना तीन मुले झाली. अशी घरे त्या काळच्या रेसिडेंटांमध्ये नवलाची नव्हती. त्यांच्यानंतर पुण्यास आलेले जनरल पामर यांचेही तसेच होते. मात्र इंग्रजी कायद्याला मान्य असा विवाह नसल्याने पुण्यातील पराक्रमावर मिळालेला किताब या मुलांकडे जाणे शक्य नव्हते.

१७९७ मध्ये मॅलेट यांनी पुणे सोडले आणि मुंबईचे हंगामी गव्हर्नरपद सांभाळून ते स्वदेशी परतले. १७९९ मध्ये त्यांनी वेल्सचीच कन्या सुझॅना हिच्याशी विवाह केला. त्यांना आठ पुत्र झाले. थोरले अलेक्झांडर दुसरे बॅरोनेट झाले आणि युरोपात राजदूत म्हणून नावाजले. सर चार्ल्स १८१५ मध्ये निवर्तले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली.

पित्याने सोडलेल्या या मुलखात काही पुत्र मात्र परत आले. आर्थर मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते, तर जॉर्ज मुंबईच्या फौजेत. जॉर्ज १८५६ मध्ये इराणच्या मोहिमेत बुशहरजवळ मारले गेले. ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचे कलेक्टर झाले. १८५० मध्ये ते एक डोंगर चढून गेले आणि इंग्रजांनी त्यास माथेरानचा शोध म्हटले. वास्तविक ठाकूर, कातकरी आणि धनगर त्या डोंगराला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. तेथील एका झऱ्याला आजही मॅलेट यांचेच नाव आहे.