विमा कंपनीच्या शेअरची खरी किंमत किती? सी. डी. देशमुखांच्या काळात कायद्यानेच हे गणित मांडलं होतं

जुन्नर असो की आंबेगाव, विमा काढला की लोक एलआयसी काढली असंच म्हणतात. ही एलआयसी ज्यांच्या काळात आली ते अर्थमंत्री रायगडच्या पायथ्याचे होते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावात त्यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला शिकले, आयसीएसमध्येही पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

तेव्हा आयुर्विमा खासगी कंपन्यांच्या हातात होता. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ कंपन्यांचं दिवाळं वाजलं. बुडाला तो पॉलिसीवाल्यांचा पैसा. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी देशमुखांनी रेडिओवरून राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार सरकारकडे आला.

आता खरा प्रश्न होता, भागधारकांना भरपाई किती द्यायची?

कंपनीच्या तिजोरीत कोट्यवधी रुपये दिसत होते. पण त्यातला बहुतेक पैसा भागधारकांचा नव्हताच. तो पॉलिसीवाल्यांना पुढे द्यायचा होता. भागधारकांच्या वाट्याला यायचा तो फक्त शिलकीतला छोटा हिस्सा.

म्हणून १९५६ च्या एलआयसी कायद्याने तोच हिस्सा धरला. ज्या कंपन्यांनी शिलकीतून पॉलिसीवाल्यांना बोनस दिला होता, त्यांच्यासाठी शिलकीतल्या भागधारकांच्या वाट्याची वार्षिक सरासरी काढायची, तिला २० ने गुणायचं आणि धंदा किती वाढला त्या प्रमाणात रक्कम कमी-जास्त करायची. समजा सरासरी वाटा ५० हजार आणि धंदा १.२ पट झाला, तर भरपाई १२ लाख. मग फंडात कितीही कोटी असोत. ज्यांनी असा बोनस दिला नव्हता, त्यांच्या मालमत्तेतून देणी वजा करायची.

१ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली, तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याला त्यांचा विरोध होता. त्याच मुद्द्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये ते पदावरून मोकळे झाले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर १९८२ ला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, एलआयसीचाच आयपीओ आला आणि तोच प्रश्न परत उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये कंपनीची एम्बेडेड व्हॅल्यू सुमारे ९५,६०० कोटी होती. सहा महिन्यांत ती ५.३९ लाख कोटींवर गेली. धंदा काही पाच पट झाला नव्हता. शिलकीतला भागधारकांचा वाटा वाढवणारा नियम आला होता, हे मुख्य कारण. ९४९ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी त्याखाली उघडला.

म्हणून विमा कंपनीचा शेअर स्वस्त आहे का हे बघताना फंडाचा आकडा बघून हुरळून जायचं नाही. त्यातलं भागधारकाचं किती, हे आधी विचारायचं. १९५६ च्या कायद्यानेही तेच विचारलं होतं.