मतदारांना हिशेब देणारे रामभाऊ

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर, एकमेकांना लागून वसलेली आहेत. सकाळी एकाच लोकलच्या डब्यात या तिन्ही गावांचे प्रवासी उभे असतात. पण आपला खासदार कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांना आज एक देता येत नाही. बदलापूरचा मतदार भिवंडी लोकसभा मतदारसंघात, तर अंबरनाथ आणि उल्हासनगरचा मतदार कल्याण लोकसभा मतदारसंघात मोडतो. एके काळी या तिन्ही गावांचा खासदार एकच होता, आणि आपण वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याबद्दल तो महाराष्ट्रात ओळखला जाई. त्यांचे नाव रामचंद्र काशिनाथ म्हाळगी. लोक त्यांना रामभाऊ म्हणत.

रामभाऊ ठाण्याचे नव्हेत. पुणे जिल्ह्यातील कडूस या गावी ९ जुलै १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले, पुढे पुण्यात वकिली केली आणि भारतीय जनसंघाची स्थापना झाल्यावर त्या पक्षाच्या कामात पडले. त्या काळी महाराष्ट्रात जनसंघाचे काम करणे म्हणजे पराभवाची तयारी ठेवूनच घराबाहेर पडणे होते.

१९५७ साल मात्र वेगळे उगवले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने काँग्रेसविरोधी पक्षांना एका समितीत आणले होते आणि जनसंघही त्यात होता. रामभाऊ मावळातून निवडून आले. ज्या सभागृहात ते गेले ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे होते. कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंतचे ३९६ सदस्य तेथे बसत. त्याच निवडणुकीत ठाणे लोकसभा मतदारसंघाने दोन खासदार निवडले, कारण तो द्विसदस्यीय होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठी. दोन्ही जागा कम्युनिस्टांनी जिंकल्या आणि शामराव परुळेकर दिल्लीला गेले. एकाच मतदारसंघातून दोन प्रतिनिधी ही कल्पना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, पण ती व्यवस्था १९६१ च्या कायद्याने संपेपर्यंत देशभर अस्तित्वात होती.

१९६० मध्ये राज्य दुभंगले, महाराष्ट्राची विधानसभा २६४ जागांची झाली, समितीची लाट ओसरली आणि १९६२ मध्ये रामभाऊ पडले. जनसंघाला त्या वर्षी महाराष्ट्रात एकही जागा मिळाली नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांनी पुणे शहरातील शुक्रवार पेठ मतदारसंघ निवडला आणि १९६७ व १९७२ अशा दोन्ही वेळा तो जिंकला. १९६७ मध्ये २७० जणांच्या विधानसभेत जनसंघाचे आमदार अवघे चार होते. चारजणांच्या पक्षाला सरकार पाडता येत नाही, प्रश्न मात्र विचारता येतात. रामभाऊंनी प्रश्न विचारणे हेच आपले आयुध मानले. सभागृहाच्या नियमांचा बारीक अभ्यास, पत्रव्यवहाराची काटेकोर नोंद आणि वर्षाअखेर मतदारांपुढे कामाचा अहवाल, ही त्यांची कार्यपद्धती याच काळात पक्की झाली.

या अहवालांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. शुक्रवार पेठ हा पायी फिरून पालथा घालता येईल असा मतदारसंघ होता. आमदार आणि मतदार यांची गाठ मंडईत पडे, वाड्याच्या चौकात पडे. अशा ठिकाणी हिशेब देणे हे नैतिक धैर्याचे काम असेल, पण अशक्य काम नव्हते. रामभाऊंची खरी कसोटी पुढे लागली.

आणीबाणीत त्यांना येरवड्याच्या तुरुंगात स्थानबद्ध करण्यात आले. ते बंदिवासात असताना दिल्लीत दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा संबंध त्यांच्या पुढील आयुष्याशी आणि आपल्या या तीन गावांशी आहे. पहिली म्हणजे १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना. तिने महाराष्ट्राच्या लोकसभेतील जागा ४५ वरून ४८ वर नेल्या आणि विधानसभेच्या २७० वरून २८८. ठाणे जिल्ह्यात भिवंडी हा लोकसभा मतदारसंघ नाहीसा झाला आणि १९७१ च्या निवडणुकीत नसलेला ठाणे मतदारसंघ नकाशावर परत आला. दुसरी गोष्ट ४२ व्या घटनादुरुस्तीची. तिने या जागांची संख्या २००१ पर्यंत गोठवून टाकली. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. पण मुंबईच्या उंबरठ्यावरील गावांची लोकसंख्या जन्मदरामुळे नव्हे, तर येणाऱ्या लोंढ्यांमुळे वाढत होती. त्यांचा विचार त्या तरतुदीत नव्हता.

१९७७ मध्ये जनता पक्षाने पुण्याच्या या वकिलाला ठाण्यातून उभे केले आणि तो निवडून आला. ज्या मतदारसंघाने त्याला स्वीकारले त्याचा एकजिनसीपणाशी काही संबंध नव्हता. उल्हासनगर ही महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिला नवे नाव मिळाले, तरी लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प क्रमांकच सांगतात. शेजारी अंबरनाथ. इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर, त्याच गावात आयुधनिर्माणी आणि काडेपेटीचा कारखाना. त्यापुढे बदलापूर, तेव्हा शेतीचे आणि निवांत. याशिवाय ठाणे, कल्याण, डोंबिवली. सिंधी व्यापारी, कारखान्यातील कामगार, आगरी शेतकरी आणि लोकलला लटकून जाणारा कारकून अशा सगळ्यांचा मिळून एक प्रतिनिधी.

१९८० मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. जनता पक्षाच्या वाट्याला आलेल्या आठ जागांत ठाणे होते. त्याच वर्षी भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि रामभाऊ त्यात गेले. लाटेविरुद्ध जागा टिकण्यामागे पक्षाची सिंधी वस्तीतील आणि डोंबिवलीच्या मध्यमवर्गातील जुनी मुळे होती हे खरेच, पण उमेदवाराच्या कामाचाही त्यात वाटा होता असे म्हणावे लागेल.

ही दुसरी मुदत पुरी झाली नाही. कर्करोगाने ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी साठी नुकतीच ओलांडली होती. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी त्यांच्या नावाने त्याच वर्षी सुरू झाली. तिचे केंद्र पुढे भाईंदरजवळ उत्तन येथे उभे राहिले.

त्यांच्या पश्चात या पट्ट्यातील प्रतिनिधित्वाची जी ओढाताण झाली ती त्यांनी पाहिली नाही. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि अंबरनाथ, बदलापूर या नगरपालिका तिच्यात विलीन करण्यात आल्या. महापालिकेची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली, तोवर कारभार प्रशासकाच्या हाती होता. अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ मध्येच त्यातून बाहेर पडले. म्हणजे ती नऊ वर्षे या दोन गावांना तक्रार घेऊन जावे असा स्वतःचा नगरसेवकच नव्हता. वार्षिक अहवाल मागायचा तरी कोणाकडे?

लोकसभेचा ठाणे मतदारसंघ दरम्यान फुगत गेला. १९७१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आत असलेले उल्हासनगर २००१ मध्ये पावणेपाच लाखांच्या घरात गेले. गोठलेल्या जागांमुळे ठाणे हा देशातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक झाला. जिल्ह्यात आमदार मात्र १३ आणि खासदार दोनच.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली. राज्याच्या एकूण जागा न बदलता २००१ च्या जनगणनेनुसार सीमा आखल्या गेल्या. जिल्ह्याचे आमदार २४ आणि खासदार चार झाले. १९७६ मध्ये पुसले गेलेले भिवंडीचे नाव परत आले, कल्याण हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला. अंबरनाथची विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. बदलापूर मुरबाडला जोडले गेले आणि त्या वाटेने भिवंडीत पोहोचले. खासदार प्रकाश परांजपे यांच्या निधनामुळे मे २००८ मध्ये झालेली ठाण्याची पोटनिवडणूक जुन्या सीमांवरची अखेरची ठरली. रामभाऊंनी ज्या मतदारसंघाला दोनदा साद घातली, त्याने शेवटचे मतदान तेव्हा केले.

नवी रेषा आखली गेली तेव्हा बदलापूरची नोंदलेली लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे पावणेदोन लाख भरली. जागांची एकूण संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत बदलू नये, असे ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरवले होते.