जादू एकट्या स्टिकची नव्हती!

ध्यानचंद म्हटलं की चेंडू चिकटून बसणारी स्टिक आठवते. मलाही तेवढंच माहीत होतं. हॉस्टेलच्या टीमकडून खेळायला लागलो, त्यांच्याबद्दल पुन्हा वाचलं, आणि वेगळाच माणूस भेटला.

२९ ऑगस्ट १९०५ चा अलाहाबादचा जन्म. वडील सैन्यात, घर झाशीला. १९२२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी स्वारी साधा शिपाई म्हणून भरती झाली. पलटणीत सुभेदार-मेजर बाले तिवारींनी हॉकी शिकवली. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणि एकट्याचे १४ गोल! १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय. त्यात धाकटे बंधू रूपसिंग यांचे १० गोल, ध्यानचंद यांचे ८.

पण आयुष्यातली सर्वोत्तम मॅच म्हणून त्यांनी यातली एकही सांगितली नाही. त्यांनी सांगितली कलकत्त्याच्या बायटन कपची १९३३ ची फायनल. झाशी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. पारडं कस्टम्सकडे झुकलेलं. ध्यानचंदनी मैदानाच्या मध्यातून लांब पास दिला, इस्माईल सुसाट सुटला. तिकडे कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलकीपर यांचा आपसात घोटाळा झाला आणि इस्माईलने मॅचमधला एकमेव गोल मारला. बघा, एकीकडे दोघांचं न बोलता जमलं, दुसरीकडे दोघांचं जमलं नाही. कप तिथेच ठरला!

मानसशास्त्रात आता याला ‘शेअर्ड मेंटल मॉडेल’ म्हणतात. म्हणजे खेळाचा एकच नकाशा सगळ्यांच्या डोक्यात. कोण कुठे पोचेल हे विचारायला वेळ नसतो, ते आधीच ठाऊक असावं लागतं.

१९३६ ला बर्लिनमध्ये ध्यानचंद कॅप्टन होते. ऑलिंपिकआधी सरावाच्या मॅचमध्ये जर्मनांनी भारताला ४-१ असं हरवलं. कॅप्टनची झोप उडाली. खोट दिसली ती त्यांच्या शेजारच्या इनसाइड राइटच्या जागी. भारतात निरोप गेला, दारा यांना तातडीने बोलावलं. ते सेमीफायनलला पोचले, फ्रान्सवर १०-० ने मात झाली. १५ ऑगस्टला फायनलमध्ये त्याच जर्मनीवर ८-१! ध्यानचंद तेच होते, शेजारची जागा भरली होती.

१९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच सुमारास ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीत गेले. अंत्यसंस्कार झाले झाशीत, हीरोजच्या मैदानावर.

आपल्याकडे इंटर-कॉलेज टीम सबमिशनच्या गडबडीत लागते आणि चार दिवसांच्या प्रॅक्टिसवर मैदानात उतरते. अकरा चांगली पोरं असतात, पण पास द्यायला मान वर करून शोधावं लागतं. जिमखान्याच्या सरांना एकच विनंती: यंदा टीम सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लावा, आणि संध्याकाळचा एक तास सगळ्यांना एकत्र द्या. स्टार आपल्याकडे आहेत हो, एकमेकांची सवय तेवढी व्हायची आहे!